पिवळा दिवा आणि अण्णांचं ताट

“तीस म्हंजे तीस! एकोणतीस न्हाई आन् एकतीस न्हाई!”

मामा ओरडत होते ते एका पंक्चरवाल्यावर. नागठाण्याच्या अलीकडं, बाभळीखाली, पत्र्याच्या टपरीपुढं. मामांचा आवाज फौजेतला. तो ऐकून समोरच्या शेतातली बैलजोडी औतासकट सावधान उभी राहिली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. पंक्चरवाला मात्र हलला नाही. तोंडातला तंबाखूचा बार एका गालातून दुसऱ्या गालात गेला, एवढंच.

“आवं सुबेदार, तीसच हाय. चारी चाकांत तीस हाय. काटा बघा की.”

“मग दिवा का जळतोय?”

“दिवा तुमच्या गाडीत हाय. माझ्याकडं निस्ती हवा हाय.”

मामांनी टपरीकडं पाठ फिरवली. ते गाडीत बसले, चावी फिरवली. स्टिअरिंगमागच्या काचेत सगळे दिवे एकदम लागले आणि एकेक करून विझले. एकच राहिला. नखाएवढा, पिवळा, घोड्याच्या नालेसारखं चित्र आणि त्याच्या पोटात उद्गारचिन्ह. अंधारात मांजर बघतं तसा तो आमच्याकडं बघत राहिला. आम्ही साताऱ्याहून निघून अजून तासही झाला नव्हता. मागच्या काचेत अजिंक्यतारा दिसत होता. आणि आम्हाला जायचं होतं माधवनगरला, सांगलीच्याही पलीकडं.

ही नव्वदीच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. आताच्या लोकांना सातारा-सांगली म्हणजे काहीच वाटत नाही. गाडीत बसतात, डुलकी काढतात, उतरतात. तेव्हाचा पुण्या-बंगळुराकडचा रस्ता दोनच पदरी होता, आणि त्यातला एक कायम ट्रकवाल्यांचा. दोन्ही कडेला वडाची झाडं, एवढी जुनी की काहींच्या पारंब्या एसटीच्या टपावरून प्रवाशांच्या टोप्या-पागोटी उचलून घेत. खोटं वाटत असेल तर त्या वेळच्या कुठल्याही कंडक्टरला विचारा. आता ती झाडंही नाहीत आणि पागोटीही नाहीत, त्यामुळं पुरावा मागू नका.

गाडी मामांच्या मुलाची, दिलीपची. दिलीप जपानात एका कारखान्यात इंजिनिअर होता. तो कायमचा परत यायचा म्हणून गाडी बोटीत घालून घेऊन आला आणि कंपनीनं त्याला सहा महिन्यांसाठी परत बोलावून घेतलं. गाडी मागं राहिली, मामांच्या दारात. आमच्या गल्लीत तोवर सगळ्यात आधुनिक वस्तू म्हणजे मामींचा मिक्सर. ही गाडी आली तशी अर्धा सातारा बघून गेला. तिचं दार लावलं की आवाज येत नसे, म्हणून लोक ते पुन्हापुन्हा लावून बघत. मामींनी तिला ओवाळलं, आणि दिवाळीच्या भांड्यांबरोबर चिंचेनं घासायलाही निघाल्या होत्या. मामा आडवे पडले म्हणून रंग वाचला.

जाताना दिलीपनं बापाला बजावलं होतं, “बाबा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. पण हा पिवळा दिवा लागला की समजायचं, चाकात हवा कमी आहे. तसंच दामटू नका.”

हे सांगायला त्यानं जगातला सगळ्यात चुकीचा माणूस निवडला. मामांनी फौजेत तीस वर्षं गाड्या चालवल्या होत्या. सुबेदार म्हणून निवृत्त. दिवा लागला की गाडी थांबवायची, हा त्यांच्या लेखी वेदमंत्र. तरुणपणी एकदा डोंगरातल्या रस्त्यावर त्यांनी तेलाच्या दिव्याकडं दुर्लक्ष केलं होतं. इंजिन बसलं, आणि त्यांच्या मागं सगळा ताफा बर्फात रात्रभर उभा राहिला. मी लहान असताना या गोष्टीत चाळीस ट्रक होते. माझं लग्न झालं तेव्हा दीडशे झाले होते. ट्रक वाढत गेले तरी शेवट तोच: “तवापास्नं ठरवलं. दिवा म्हंजे हुकूम.”

मी गाडीत का होतो? तर इंग्रजी वाचायला. मी साताऱ्यात टायपिंगचा क्लास चालवत होतो, आणि मामांच्या समजुतीनं जगातलं सगळं छापील इंग्रजी मला येत होतं. गाडीचं जाडजूड पुस्तक माझ्या मांडीवर दिलं होतं. नागठाण्यात ते पहिल्यांदा उघडलं.

“वाच, सुध्या. हवेचं पान काढ.”

“मामा, हे जपानी आहे.”

“सगळं?”

“पानांचे आकडे सोडून सगळं.”

मामांनी ते हातात घेतलं, उलटं धरलं, सुलटं धरलं आणि म्हणाले, “चित्रं बघून सांग मग.” एका चित्रात एक हसरा माणूस चाकाजवळ बसून हवा बघत होता. पंक्चरवाल्यानं वाकून पाहिलं. “ह्यो बी तेच करतोय,” तो म्हणाला, “जे मी केलं.”

अण्णा

पुढं जाण्याआधी अण्णांची ओळख करून देतो, नाहीतर तुम्हाला ही सगळी नुसती गंमत वाटेल. मलाही कराडपर्यंत तसंच वाटत होतं.

मामांचं गाव मेढ्याकडचं, डोंगरातलं. सतराव्या वर्षी ते काम शोधत माधवनगरला गेले, कापडाच्या गिरणीत लागले. राहायला जागा मिळाली ती बाबगोंडांच्या घरी, पडवीत. हे जैन शेतकऱ्यांचं घर. बाबगोंडा मामांच्याच वयाचे. पुढं त्यांनी स्वतःचे माग टाकले आणि सगळ्यांचे अण्णा झाले. त्या घरात दिवे लागायच्या आत जेवणं. सूर्य बुडाला की चूल विझली. मग राजा आला तरी घास नाही. आमच्याकडं साताऱ्यात तेव्हा कुठं भाकरीचं पीठ मळायला घेतात.

गिरणी सुटायची आणि सूर्य बुडायचा यांत थोडाच वेळ असे. तेवढ्यात मामा पळत घर गाठायचे. अण्णांच्या आई दोन ताटं शेजारीशेजारी मांडून बसलेल्या असत, आणि अण्णा आपल्या ताटाला हात लावत नसत. “शंकर येऊ दे.” दोन वर्षांत मामांना त्या ताटाला एकदाही उशीर झाला नाही. पुढं मामा फौजेत गेले. तिथं संध्याकाळी उजेड असताना जेवायला बसत म्हणून त्यांना सगळे हसत. पण पोटाला सवय लागली होती.

आता अण्णा सत्तरीचे. चातुर्मासात ते दिवसातून एकदाच जेवत. एकदाच म्हणजे पाणीसुद्धा त्याच वेळी. दसरा नुकताच झाला होता. मामांनी आदल्या दिवशी फोन केला होता: “उद्या येतोय रं बाबू. आपल्या गाडीनं. तुज्या शेजारी बसून जेवणार.”

“ये,” अण्णा म्हणाले. “तू आल्याबिगर मी बसत न्हाई.”

असं आपण सगळेच बोलतो. पण अण्णांच्या घरात बोललेलं म्हणजे बोललेलं.

कराड

अकराला निघालेलो आम्ही कराडला पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता. मधे उंब्रजला दोनदा थांबलो. एकानं हवा वाढवली, दुसऱ्यानं ती काढून टाकली. दोघांचंही ठाम मत होतं. दिव्याचं मत बदललं नाही.

कराडात स्टँडमागं रहिमानभाईंचं गॅरेज होतं. पिकलेली दाढी, जाड भिंगाचा चष्मा, हाताला कायमचं ग्रीस. त्यांच्याबद्दल असं म्हणत की गाडी अजून मलकापुरात असते तेव्हाच ते आवाजावरून तिचा आजार सांगतात. त्यांनी चारी चाकांना टिचक्या मारल्या, कलिंगड बघतात तशा. बॉनेटवर कान ठेवला. मग मान हलवली.

“सुबेदारसाब, हवा बराबर हाय. ही चाकाची तक्रार न्हाई. गाडी कशाची तरी आठवण काढतीय.”

“जपानची काढत असंल,” मी म्हणालो.

“तू गप.” मामांनी विचारलं, “मग करू काय, भाई?”

“वायर काढून देतो. दोन मिंटाचं काम. दिवाच गेला की भानगड गेली.”

मामांनी गाडीकडं पाहिलं, दिव्याकडं पाहिलं. मला वाटलं, सुटलो. पण त्यांच्या डोळ्यांपुढं ते दीडशे ट्रक बर्फात उभे राहिले असणार. “न्हाई भाई,” ते म्हणाले. “दिवा बोलतोय तर त्याचं तोंड दाबायचं न्हाई.”

समोरच पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ होता. काचेच्या खोलीत मामा आत आणि मी दारात एक पाय घालून. फोन अण्णांच्या सूनबाईंनी, पद्मावहिनींनी उचलला. त्या एवढ्या मोठ्यानं बोलत होत्या की मला बाहेर सगळं ऐकू येत होतं.

“कुठं हायसा मामा? कराडात? अजून? आवं, अण्णा सकाळी देवळात जाऊन आल्यापास्नं पाटावर बसल्यात. काल दुपारपास्नं पोटात काय न्हाई. प्रेशरची गोळी जेवणावर घ्यायची असती, ती बी तशीच हाय. डॉक्टरांनी सांगितलंय उपाशी ठेवू नका म्हणून. म्या म्हणलं, मामा येतील तवा येतील, तुमी घ्या जेवून. तर माज्याकडं असं बघितलं त्यांनी…”

मागून अण्णांचा आवाज आला, शांत, शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तसा: “त्याला म्हणावं, सावकाश ये. सूर्य सहाला बुडतोय.”

मामांनी फोन ठेवला. बूथमधून बाहेर आले ते एकदम म्हातारे दिसायला लागले होते. पण पुढच्याच क्षणाला त्यांनी माझ्याकडं बोट केलं. “ऐकलंस न्हवं? तो उपाशी. आता पोचस्तवर आपल्यातबी कुणी घास घ्यायचा न्हाई.”

हा हुकूम माझ्यावर का, ते मला तेव्हाही कळलं नाही. मी अण्णांना कसलंही वचन दिलं नव्हतं.

पेठ नाका ते आष्टा

पेठ नाक्याला सांगलीचा फाटा फुटतो. तिथं तेव्हा शेंगांचे ढीग लागत. नव्या भुईमुगाच्या ओल्या शेंगा, मीठ घालून शिजवलेल्या, वाफाळत्या पाटीवर ओलं फडकं. त्या वासानं मेलेला माणूस उठून बसला असता. मी तर फक्त अर्धमेला होतो. मामा गाडीतला फौजी पायपंप काढून डाव्या मागच्या चाकाशी खुटुखुटु करत होते. मी लघवीचं निमित्त काढलं, शेंगांच्या पाटीमागं गेलो आणि उभ्याउभ्या शेरभर शेंगा खाल्ल्या. टरफलं खिशात भरली. परत आलो तेव्हा मामांनी मान वरही केली नाही.

“खारट हायत का?”

“कशा?”

“हनुवटीवर एक टरफल हाय.”

मी ते काढून खिशातल्या टरफलांत टाकलं.

या रस्त्याला लागलं की मुलूख बदलतो. डोंगर मागं राहतात, काळी जमीन सुरू होते, ऊस माणसाच्या दुप्पट. भाषेचा हेलही बदलतो. साताऱ्यात माणूस वाक्य तोडून टाकतो, इकडं शेवटाला जरा लांबवून हातात देतो. सातारकर पाहुण्याला विचारतो, “चहा घेणार का?” सांगलीकर विचारत नाही. आणि चहाबरोबर भडंग येतं, तेही कढीपत्ता आणि लसणीसकट. असलं सगळं मला रस्ताभर आठवत होतं, कारण पोटात शेंगांशिवाय काही नव्हतं.

आता खरी चूक सांगतो. सकाळपासून त्या डाव्या मागच्या चाकाची हवा आम्ही इतक्या वेळा तपासली, भरली, काढली की त्याच्या व्हॉल्व्हची पिन झिजून अडकली. आष्ट्याच्या अलीकडं मामांनी शेवटचं एकदा बघावं म्हणून टोपण काढलं आणि ‘सूं’ करून हवा जी निघाली, ती थांबेना. बोट लावलं, चिंधी लावली, मी थुंकी लावली. चाक बसलं. दिवसभर ज्या चाकाला काहीच झालं नव्हतं, त्याला आम्ही स्वतःच्या हातांनी आजारी पाडलं.

ढकलत गाडी आष्ट्यात आणली. जपानी गाडी ढकलताना बघायला अख्खं आष्टा लोटलं. मला वाटतं त्या दिवशी तिथली शाळाही लवकर सुटली. पंक्चर काढणारा माणूस मध्यमवयाचा, लुंगी गुडघ्यावर. त्यानं पिन बघितली.

“ही पिन माज्याकडं न्हाई. सायकलवरनं गावात जाऊन आणावी लागंल. तवर स्टेपनी लावा की. डिकीत असंल.”

मामांनी डिकीकडं पाहिलं. मीही पाहिलं. त्या डिकीत मामींनी आदल्या संध्याकाळी स्वतःच्या हातानं अण्णांसाठी सामान भरलं होतं: साताऱ्याच्या घेवड्याचं पोतं, मेढ्याकडच्या तांदळाचं पोतं, वर दोन गाठोडी, आणि सगळ्याला काथ्यानं आवळून अशा गाठी मारल्या होत्या की फौजेतल्या अभियंत्यांनीही हात टेकले असते.

“डिकी उघडायची न्हाई,” मामा म्हणाले. “तिनं बांधलेलं सोडून पुन्हा बांधणारा माणूस अजून जल्माला यायचाय. अर्धा तास त्यातच जाईल. तू पिन आण.”

“बघा बुवा,” तो म्हणाला आणि सायकलवर टांग टाकली.

तो परत यायला पाऊण तास लागला. पिन मिळाली, पण दुकानदारानं चहा पाजला, असं त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. त्या पाऊण तासात मामा मैलाच्या दगडावर बसून पश्चिमेकडं बघत होते.

“गिरणीचा भोंगा झाला की,” ते एकाएकी म्हणाले, “मी चपला हातात घेऊन पळायचो. अनवाणी जोरात पळता येतं. त्याची आई वाटंवर उभी असायची. म्हणायची, दमानं रं, सूर्य अजून वीतभर हाय. ती बोटांनी मापायची, असं.” त्यांनी हात लांब करून क्षितिजावर चार बोटं आडवी धरली. चार बोटांच्या वर अजून थोडा सूर्य होता.

पेढा

साडेपाचला आम्ही आष्टा सोडलं. चाकात तीस. चावी फिरवली, दिवे लागले, विझले. पिवळा तसाच.

मामांनी त्याच्याकडं पाहिलं. मग मागच्या सीटवर हात घातला. तिथं पद्मावहिनींच्या पोरांसाठी घेतलेला कंदी पेढ्यांचा पुडा होता. त्यातला एक पेढा काढला, अंगठ्यानं दाबून चपटा केला, आणि काचेवर, बरोबर दिव्यावर, चिकटवला. कंदी पेढा खरपूस भाजलेला, घट्ट. बसला तो हलला नाही.

“मामा, हुकूम?”

“हुकूम गेला खड्ड्यात,” ते म्हणाले. त्या बर्फातल्या रात्रीपासून पहिल्यांदा.

त्यानंतर ती गाडी जी सुटली! झाडं दिसेनाशी झाली, नुसती एक हिरवी भिंत. आम्ही एका एसटीला मागं टाकलं, तिच्यातल्या एका म्हाताऱ्यानं आम्हाला हात जोडले. गाडी किती चांगली आहे ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आवाज नाही, हिसका नाही, पाण्यावरून गेल्यासारखी. रस्ता पूर्वेला चालला होता, सूर्य पाठीमागं. मामांच्या समोरच्या आरशात तो होता, लाल, थाळीएवढा. ते रस्त्यापेक्षा आरशातच जास्त बघत होते.

सांगलीवाडीला मेंढरं आडवी आली. दसरा झाला की धनगर उतरतात. दोन-तीनशे तरी असतील. माझ्या हिशोबानं पाच हजार. मामांनी हॉर्न वाजवला नाही. काच खाली करून म्हणाले, “पाव्हणं, वाईच घाई हाय.”

धनगरानं काठी खांद्यावर घेतली. “मेंढरं हायती. त्यांना कुठं ठावं?”

शेवटचं कोकरू रस्ता ओलांडून गेलं. कृष्णेच्या पुलावर आलो तेव्हा मी मागं वळून पाहिलं. पाण्यात लांबलचक लाल पट्टा होता, आणि त्याच्या टोकाला सूर्याची नुसती कड, नखाच्या कडेएवढी. मी पुन्हा समोर बघेपर्यंत पाणी राखाडी झालं होतं. मामांना मी काही सांगितलं नाही. त्यांच्यासमोर आरसा होता.

माधवनगर

गल्लीत वळलो तेव्हा यंत्रमागांची खटखट चालू होती आणि घराघरांत दिवे लागले होते. अण्णा बाहेर कट्ट्यावर बसले होते. पांढरं धोतर, पांढरी टोपी, हात मांडीवर. शेजारी पद्मावहिनी उभ्या.

मामा उतरले. दार नेहमीप्रमाणं आवाज न करता लागलं.

“बुडाला गड्या,” अण्णा म्हणाले.

“व्हय.”

“पुलावर असशील.”

“पुलावर व्हतो.”

पद्मावहिनी मात्र गप्प बसल्या नाहीत, आणि बरोबरच होतं त्यांचं. “आता उद्या सकाळपातूर पाणी बी न्हाई ह्यास्नी! मामा, तुमी गाडीतनं आलासा का बैलगाडीतनं? पायी निघाला असता तरी पोचला असता.” बोलताबोलता त्यांचा आवाज बदलला. त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या. मामांना तीस वर्षांत कुठल्या साहेबानं एवढं ऐकवलं नसेल. ते मान खाली घालून उभे होते.

नंतर वहिनी बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, “आमच्यात रातीचं न्हाई, पर पोरांची दुपारची पोळी हाय, तुमाला वाढू का?” माझ्या तोंडाला पाणी सुटलं. पण मामा आधीच म्हणाले होते, मीबी उद्याच जेवणार. दोघं म्हातारे माझ्याकडं बघत होते. मी आयुष्यात बऱ्याच थापा मारल्या आहेत, पण “भूक नाही” याच्याएवढी मोठी नाही.

मग अण्णांना गाडी बघायची होती. आत बसले, सीटवरून हात फिरवला, वास घेतला. त्यांची नजर पेढ्यावर गेली.

“हे काय रं शंकर?”

“दिवा झाकलाय.”

“का?”

मामांनी सगळं सांगितलं. नागठाणं, उंब्रज, रहिमानभाई, पिन, मेंढरं. अण्णा ऐकत होते आणि हळूहळू त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं, त्रास होतोय. ते हसत होते. काल दुपारपासून पोटात काही नसलेला माणूस असा हसू शकतो हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. “चपला हातात घ्यायच्या व्हत्या गड्या,” ते म्हणाले. “अनवाणी लवकर पोचला असतास.”

त्या संध्याकाळी जेवण नाही म्हणून कुणाला उठायची घाई नव्हती. दोघं कट्ट्यावर बसून राहिले. गिरणीतला मुकादम, पावसात पडलेली भिंत, अण्णांच्या आईनं आजारपणात मामांना पाजलेली पेज, एकदा दोघांनी चोरलेली उसाची मोळी. फोनवर इतक्या वर्षांत यातलं एकही निघालं नव्हतं. मी एका बाजूला आडवा झालो आणि मागांची खटखट ऐकत पडलो. आता तिथले निम्म्याहून जास्त माग बंद आहेत. गेल्या वेळी गेलो तेव्हा शांततेनं झोप लागली नाही.

सकाळी सूर्य चांगला वर आला. अण्णा देवळातून आले, पायरी चढताना त्यांचा तोल गेला. मामा शेजारीच होते. दोन्ही हातांनी धरलं. मग अण्णा म्हणाले, “सोड. पडत न्हाई.” मामांनी सोडलं नाही. पाटापर्यंत धरून नेलं.

दोन ताटं शेजारीशेजारी. ज्वारीची भाकरी, त्यावर तुपाचा गोळा, दोडक्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, खपली गव्हाची खीर, आणि मामींनी पाठवलेल्या घेवड्याची आमटी. कांदा नाही, लसूण नाही. कांद्याशिवाय आमटी होत नाही असं मानणाऱ्या गावातला मी. सहा वाट्या प्यायलो. अण्णांनी पहिला घास घ्यायच्या आधी मामांच्या ताटाकडं पाहिलं. मामांनी हात घातला, मग त्यांनी. वहिनी गोळी घेऊन दारात उभ्या होत्या. शेवटी अण्णांनी आणखी एकदा आमटी मागून घेतली, तेव्हा कुठं त्यांनी आपला पदर खोचला.

परत सातारा

परतीच्या वाटेवर आम्ही कुठंही थांबलो नाही. पेढा जागेवर होता.

संध्याकाळी घरी पोचलो. मागच्या अंगणात, न्हाणीच्या भिंतीला टेकून, एक काळं गुबगुबीत चाक उभं होतं. त्याच्या आडोशाला मांजर झोपलं होतं. मामा चाकाकडं बघत राहिले. मग त्यांनी मांजराला उठवलं, मी चाक उचलून रिकाम्या डिकीत टाकलं, मामांनी पेढा खरवडून काढला आणि चावी फिरवली.

दिवे लागले. दिवे विझले. सगळे.

पुढं दिलीपनं फोनवर समजावलं, की त्या गाडीत पाचही चाकांत एकेक यंत्र बसवलेलं असतं आणि गाडी पाचांची हजेरी घेते. एक जरी कमी भरलं तरी दिवा. कराडच्या रहिमानभाईंना हे मी मुद्दाम जाऊन सांगितलं. ते म्हणाले, आठवणच की ती.

पण ते नंतर. त्या संध्याकाळी मामा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले. मामी तांदूळ निवडत होत्या.

“ते चाक डिकीतनं कुणी काढलं?”

“मी,” मामी म्हणाल्या. “घेवड्याचं पोतं बसंना. गाडीला चार चाकं होतीच की.”

मामांनी त्यांना सगळं सांगितलं. पहिल्यापासून, एकही टपरी न गाळता. पंक्चरवाले, जपानी पुस्तक, फोन, आष्टा, पेढा, पुलावर बुडालेला सूर्य, अण्णा दुसऱ्या दिवसापर्यंत उपाशी, पायरीवरचा तोल, सकाळची ताटं, दोनदा मागितलेली आमटी. बोलताना त्यांचा आवाज चढत गेला, उतरत गेला. मामींचं बोट सुपात एकेक खडा शोधत होतं. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी सूप एकदा पाखडलं.

“म्हंजे घेवडा चांगला शिजला,” त्या म्हणाल्या.